अनियमित पाळी आणि अपत्यप्राप्ती



आपल्या भाषेत 'पाळी' हा शब्द दोन ठिकाणी रोज वापरला जातो. कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आणि घरात, आवाज खाली करून, बाईची पाळी. कारखान्यातली पाळी चुकली तर हजेरीपटावर खाडा पडतो आणि सगळ्यांना कळते. घरातली चुकली तर तिची नोंद कोणी करीत नाही. ती बाई मनातल्या मनात दिवस मोजते. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही घरात पाळणा हललेला नसला, तर त्या मोजणीचे ओझे तिला एकटीलाच वाहावे लागते.

मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही हा विषय मी घेतला, कारण युनियनच्या कचेरीत माणसे केवळ बोनस आणि बडतर्फीचेच प्रश्न घेऊन येतात असे नाही. सोसायटीचे कर्ज कशाला हवे, रजा कशाला हवी, असे जरा खोलात विचारले की दर वर्षी चार-दोन घरांची एकच गोष्ट निघते : मूल होत नाही, सुनेची पाळी दोन-दोन महिने येत नाही, कोणी अंगारा दिला, कोणी जडीबुटी दिली, आणि आता शहरातला दवाखाना एकदम लाखांची गोष्ट बोलतो आहे. या खटपटीत पैसा जातो तो जातोच, पण स्त्रीच्या वयाची मोलाची वर्षे जातात. पैसा पुन्हा मिळवता येतो. ती वर्षे परत आणता येत नाहीत.

म्हणून आज मला एकच गोष्ट आपल्यापुढे नीट मांडायची आहे. अनियमित पाळी म्हणजे वांझपण नव्हे. पाळी अनियमित असली तर प्रश्न एवढाच असतो की स्त्रीबीज बाहेर पडते का, आणि पडत असल्यास केव्हा. या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा साध्या, कमी खर्चाच्या तपासण्यांनी मिळतात. मात्र त्या तपासण्या क्रमाने आणि वेळेवर झाल्या पाहिजेत, आणि त्या नवराबायको दोघांच्याही झाल्या पाहिजेत.

हिशेब शेवटून

प्रथम 'नियमित' कशाला म्हणायचे ते ठरवू. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत जे दिवस भरतात ते एक चक्र. हे चक्र बरोबर २८ दिवसांचेच असले पाहिजे अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चूक आहे. प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोगशास्त्राच्या जागतिक संघाने २०१८ साली जी व्याख्या दिली तिच्याप्रमाणे २४ ते ३८ दिवसांचे चक्र हे स्वाभाविक मानले जाते. एका महिन्यात २७ आणि दुसऱ्या महिन्यात ३१ दिवस लागले तर ते दुखणे नव्हे. मुलगी शहाणी झाल्यानंतरची पहिली काही वर्षे, बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याचे महिने आणि चाळिशीनंतरचा काळ, या तिन्ही वेळी पाळी मागेपुढे होणे हे निसर्गाला धरूनच असते. पण ऐन उमेदीच्या वयात पाळी सारखी ३८ दिवसांच्या पुढे जात असेल, २४ दिवसांच्या आत येत असेल किंवा तीन-तीन महिने येतच नसेल, तर तिची चौकशी केली पाहिजे.

आता चक्राची रचना पाहू. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून हुकूम सुटतो आणि बीजकोशात एक बीज पिकू लागते. ते पिकून बाहेर पडले की पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात, बीज जेथून बाहेर पडले ती जागा प्रोजेस्टेरॉन नावाचा रस तयार करते आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार ठेवते. गर्भ राहिला नाही तर हा रस कमी होतो, अस्तर गळून पडते आणि पाळी येते.

या दोन भागांत मोठा फरक आहे. दुसरा भाग बराचसा ठरलेला, साधारण दोन आठवड्यांचा असतो. पहिला भाग मात्र दहा दिवसांतही आटोपतो आणि कधी पाच आठवडेही घेतो. पाळी लांबते ती बहुतेक वेळा या पहिल्या भागामुळे. जपानमधील निगाता शहरातील डॉक्टर क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ साली हीच गोष्ट दाखवून दिली, की बीज केव्हा सुटते याचा हिशेब मागच्या पाळीपासून पुढे मोजून लागत नाही, तो पुढच्या पाळीपासून मागे मोजून लागतो.

उदाहरण घ्या. २८ दिवसांचे चक्र असेल तर बीज सुमारे चौदाव्या दिवशी सुटते. ३५ दिवसांचे असेल तर सुमारे एकविसाव्या दिवशी आणि ४२ दिवसांचे असेल तर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी. आता ४२ दिवसांचे चक्र असलेल्या बाईला कोणी सांगितले की 'बाराव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत प्रयत्न करा', तर ती दोघे वर्षभर इमानाने प्रयत्न करतील आणि वर्षभर वेळ चुकवतील. दोघांचीही प्रकृती उत्तम असून मूल होणार नाही, आणि दोष मात्र बाईच्या कपाळी लागेल.

सहा दिवस

बीज सुटल्यावर ते जेमतेम एक दिवस जिवंत राहते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, असे सहा दिवस गर्भ राहण्याचे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनात अॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांची रोजची पाहणी करून १९९५ साली हे दाखवून दिले. त्यांनीच २००० साली असेही दाखवले की हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत पडतात अशा स्त्रिया शंभरात अवघ्या तीस असतात. म्हणजे पाळी वेळेवर येणाऱ्या स्त्रियांनाही कॅलेंडर पुरते साथ देत नाही. अनियमित पाळीवाल्यांनी तर त्यावर मुळीच विसंबू नये.

मग करावे काय? सर्वांत सोपा उपाय असा की दिवस मोजण्याच्या भानगडीत न पडता पतिपत्नींनी दर दोन-तीन दिवसांनी एकत्र यावे. म्हणजे बीज केव्हाही सुटो, शुक्रजंतू हजर असतात. यात खर्च नाही आणि तारखेचा धसकाही नाही. एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची दिवसपाळी अशी घरे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. नोकरीसाठी नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, अशीही आहेत. त्यांचे महिनेच्या महिने नुसते भेटीअभावी जातात, हेही ध्यानात ठेवावे.

शरीर स्वतःही खूण देते. बीज सुटण्याच्या आधीचे काही दिवस अंगावरून जाणारा स्राव अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा नितळ, बुळबुळीत आणि तार निघणारा होतो. हे दिवस चांगले समजावेत. सकाळी उठण्यापूर्वी अंगाचे तापमान पाहण्याचीही एक रीत आहे. बीज सुटल्यावर ते सुमारे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. पण ही वर्दी वेळ निघून गेल्यानंतर मिळते, आणि रात्रपाळी करणाऱ्या, झोप मोडणाऱ्या बाईला तिचा फारसा उपयोग नाही. औषधाच्या दुकानात लघवीवरून बीज सुटण्याची वेळ सांगणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्या ज्या रसाची मोजणी करतात तो रस काही स्त्रियांत मुळातच वाढलेला असतो. तेव्हा पट्टी सारखी होकार देत राहते आणि पैसे मात्र जात राहतात.

पाळी का चुकते

पाळी चुकली की पहिली तपासणी गर्भ राहिला आहे का याचीच करावी. अनियमित पाळीच्या बाईला दिवस गेलेले पुष्कळदा उशिरा कळतात, आणि दरम्यान ती नको ती औषधे घेऊन बसते.

गर्भ नसेल तर कारणे शोधावी लागतात. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे ज्याला हल्ली सगळे 'पीसीओएस' म्हणतात ते. शिकागोचे डॉक्टर स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत देऊन त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेराजणींना हा विकार असतो, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. सोनोग्राफीच्या कागदावर 'गाठी' हा शब्द वाचून घरची माणसे हबकतात. वास्तविक त्या गाठी नसतात. पुरते न पिकता अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात. बीजे आत आहेत, पण त्यांना बाहेर पडण्याचा हुकूम नीट मिळत नाही, असा त्याचा अर्थ. पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे, मुरुमे, वजन वाढणे ही त्याची लक्षणे. पण सडपातळ बाईलाही हा विकार असू शकतो.

दुसरे कारण गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा बिघाड. तिसरे, दूध आणणारा प्रोलॅक्टिन नावाचा रस वाढणे. ओकारीवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. चौथे, चाळिशीच्या आतच बीजांचा साठा संपत येणे. पाचवे, आपल्या देशात विसरून चालणार नाही असे : क्षयरोग. तो फुप्फुसाप्रमाणे गर्भाशयात आणि गर्भनलिकांतही शिरतो. मग खोकला नाही, ताप नाही, फक्त पाळी कमी होत जाते आणि मूल राहत नाही.

पोटाचाही पाळीशी संबंध आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली. तेथील पुष्कळ स्त्रियांची पाळी बंद पडली आणि नऊ महिन्यांनंतर जन्मांची संख्या एकदम खाली आली. अन्न पुन्हा मिळू लागल्यावर पाळ्याही परतल्या. शरीर जणू हिशेब घालते, की एकालाच पुरत नाही तर दुसऱ्याला कोठून आणू? उलट बाजूने, वजन फार वाढले तरीही हा हिशेब बिघडतो. फिरत्या पाळीने आणि रात्रपाळीने काम करणाऱ्या स्त्रियांत पाळी अनियमित होण्याचे प्रमाण अधिक असते, असे परिचारिकांच्या पाहणीत आढळले आहे. म्हणजे कारखान्याची पाळी आणि घरातली पाळी यांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. पाळी येत नाही म्हणून दुकानातून 'पाळी आणण्याच्या' गोळ्या आणायच्या, रक्तस्राव झाला की काम झाले असे समजायचे, ही पद्धत घरोघर आहे. त्या गोळ्यांनी अस्तर गळून पडते, पण बीज सुटत नाही. नुसता रक्तस्राव म्हणजे बीज सुटल्याचा पुरावा नव्हे. डॉक्टर कधी कधी याच गोळ्या देतात, त्याला कारण असते : महिनोन् महिने न गळलेले अस्तर जाड होत जाऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच जिला मूल नको आहे तिनेही तीन-चार महिने बंद असलेल्या पाळीकडे दुर्लक्ष करू नये. पण मूल हवे म्हणून स्वतःच्या मनाने त्या गोळ्या घेत राहणे म्हणजे नुसताच काळ दवडणे होय.

तपासणीचा क्रम

नियमित पाळी असलेल्या जोडप्याने वर्षभर प्रयत्न करून पाहावा, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाळी अनियमित असेल तर मात्र हा दंडक लागू नाही. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांकडे जावे. जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्याव्या. युनियनमध्ये आम्ही सांगतो की तोंडी तक्रारीला किंमत नसते, नोंद ठेवा. तोच नियम येथे.

पहिल्या फेरीत रक्ताच्या काही तपासण्या, साखर, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि एक सोनोग्राफी एवढे पुरते. बीज सुटले का हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची तपासणी करतात. ती 'एकविसाव्या दिवशी' करायची असे सांगितले जाते. पण तो आकडा २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. खरा नियम असा की पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी रक्त घ्यावे. ३५ दिवसांच्या चक्रात हा दिवस अठ्ठाविसावा, ४२ दिवसांच्या चक्रात पस्तिसावा. पाळीचा भरवसाच नसेल तर पुढची पाळी येईपर्यंत दर आठवड्याला तपासावे लागते. चक्र लांब असूनही एकविसाव्या दिवशीच रक्त दिले, तर 'बीज सुटत नाही' असा चुकीचा निकाल हातात पडू शकतो.

या पहिल्या फेरीतच नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाली पाहिजे. ती स्वस्त आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही, आणि तरीही सर्वांत शेवटी होते. काही घरांत होतच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो. बायकोची पाळी अनियमित आहे एवढ्यावरून नवरा निर्दोष ठरत नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील एका रासायनिक कारखान्यात कीटकनाशक बनवणाऱ्या विभागातल्या कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. त्यांच्या संघटनेने विषय धसास लावला. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे किंवा मुळीच आढळले नाहीत. कारण होते डीबीसीपी नावाचे ते औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. त्या कामगारांनी मोकळेपणाने बोलायचे टाळले असते, तर त्यांच्या बायकाच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत राहिल्या असत्या. आपल्याकडेही शिशाचे, कीटकनाशकांचे, भट्टीच्या धगीचे काम करणाऱ्याने डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप अवश्य सांगावे.

उपचाराच्या पायऱ्या

कारण कळले की उपचार पायरीपायरीने चढायचा. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिनचा दोष असेल तर त्यावरील गोळ्यांनीच पुष्कळदा पाळी आणि बीज दोन्ही ताळ्यावर येतात. पीसीओएस असून वजन जास्त असेल, तर वजन शंभरात पाच ते दहा हिश्शांनी उतरले तरी काहीजणींचे बीज आपोआप सुटू लागते. ८० किलोच्या बाईला त्यासाठी २० किलो उतरवण्याची गरज नाही; चार ते आठ किलोंनीही फरक पडू शकतो.

तेवढ्याने भागले नाही तर बीज सोडवण्याच्या गोळ्या. लेट्रोझोल हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. आता पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी तेच प्रथम दिले जाते. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जास्तीत जास्त पाच चक्रे औषध दिले असता लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के आणि जुने क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी, कारण एकाच वेळी दोन बीजे सुटून जुळे राहण्याचा संभव असतो.

नळीतल्या बाळाची पायरी ही यानंतरची. मुंबईच्या के.ई.एम. या पालिकेच्या रुग्णालयात १९८६ साली अशा पद्धतीने मूल जन्माला आले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण केवळ पाळी अनियमित आहे म्हणून, खालच्या पायऱ्या न चढता कोणी एकदम तेथे नेऊ लागला, तर 'का?' असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २०२१ च्या कायद्याने असे उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीपत्र पाहावे आणि खर्चाचा आकडा लेखी घ्यावा. आणि एक स्वस्त गोष्ट विसरू नये : मूल हवे असे ठरवल्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी. बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष तिने पुष्कळ टळतात. काहींना अधिक मात्रा लागते, ते डॉक्टर सांगतील.

समाजाचा वाटा

एवढे सगळे एकट्या बाईने करावे, आणि तेही कामावर खाडा न पाडता, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भपिशवी काढून टाकल्याची प्रकरणे २०१९ साली उजेडात आली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासाने खाडा पडला की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, म्हणून पाळीचे मूळच उपटून टाकायचे, असा हा व्यवहार. ज्या रोजगारात दवाखान्याला जायला एक दिवसाची सवड मिळत नाही, तेथे पाळी नियमित करण्याचे उपदेश फोल आहेत. तपासणीसाठी पगारी रजा ही मागणी आपल्या मागण्यांच्या यादीत बोनसच्या शेजारी लिहिली गेली पाहिजे. ज्यांचे विमा कार्ड आहे त्यांनी कामगार विमा योजनेच्या दवाखान्यापासून सुरुवात करावी. तो आपल्या पगारातून कापलेल्या पैशावर चालतो.

आणि घराघरांतले बोलणे बदलले पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही, आणि पहिली बायको असताना दुसरी करणे हा गुन्हा आहे. सुनेला माहेरी धाडण्याची भाषा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की जगात सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल न होण्याची अडचण येते. म्हणजे या सभागृहातल्या प्रत्येक रांगेत असे कोणी ना कोणी बसलेले असेल. सगळ्याच उपचारांना यश येईल असे मी म्हणत नाही; काहींना येणार नाही, आणि त्यांचा संसार त्यामुळे उणा ठरत नाही. पण निव्वळ हिशेब चुकल्यामुळे, संकोचामुळे किंवा नवऱ्याने तपासणी टाळल्यामुळे जर एखादे घर मुलावाचून राहत असेल, तर तो दोष नशिबाचा नाही आणि आपण तो दूर करू शकतो.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे : ज्यांना गरज आहे त्यांनी गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहाव्या, आणि तो कागद घेऊन दोघांनी मिळून दवाखान्यात जावे.